एकाच वाटेने आलेली दोन दुखणी

आपल्या मंडळाला पंचवीस वर्षे पूर्ण झाली म्हणून स्मरणिका काढावयाचे ठरले, आणि प्रत्येकीने काही तरी लिहून द्यावे असा चिटणीसबाईंनी आग्रह धरला. कोणी मंडळाच्या पापड उद्योगाची हकीकत लिहिणार, कोणी भिशीची, कोणी आषाढी वारीची. मी सातवी पास झालेली बाई. लग्न झाल्यापासून हातात लेखणी धरली ती किराण्याच्या यादीपुरती. तेव्हा मी अंग काढून घेत होते. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "भावाच्या आजारपणात तुम्ही इतकी वर्षे दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या, त्यातले काही लिहा की." त्या सहज बोलून गेल्या, मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. कारण त्या आजारपणाविषयी मी मंडळात जे सांगितले होते ते अर्धेच होते.

२०११ साली गौरी-गणपतीच्या दिवसांत मी महिनाभर मंडळात फिरकले नाही. पुढे आले तेव्हा सगळ्यांनी विचारले, आणि मी सांगितले की भावाला कावीळ झाली होती. कावीळ झाली होती हे खरेच. परंतु त्याच्या आधी पाच वर्षांपासून त्याला एच.आय.व्ही.ची लागण होती, हे मी कोणापाशी बोलले नाही. शेजारच्या घरी कळले असते तर माझ्या हातचे तीर्थप्रसादसुद्धा कोणी घेतले नसते, असे मला त्या वेळी वाटे. कदाचित माझे चुकतही असेल, पण वाटे हे खरे. आज लिहिते आहे ते त्याला विचारून. तो म्हणाला, "लिव की आक्का. माझं नाव तेवढं घालू नगंस. आन् त्या माळेचं पण लिव." माळेची गोष्ट पुढे येईल.

माझी थोरली मुलगी नर्सिंगचे शिक्षण घेते आहे. तिच्या पुस्तकांतले समजेल तितके मी तिच्याकडून वाचून घेतले आणि शंभर पानी वहीत उतरून ठेवले. भावाबरोबर ए.आर.टी. केंद्रावर बसून डॉक्टरांना आणि समुपदेशक बाईंना विचारले ते निराळे. इतिहास म्हटला म्हणजे आपल्याला राजे आणि लढाया आठवतात, पण दुखण्यांनाही इतिहास असतो, आणि तो आपल्या घरातूनच जात असतो. या दोन दुखण्यांचा तर फारच जात असतो.

आपल्याकडे डोळे पिवळे झाले की कावीळ, एवढेच आपल्याला ठाऊक. कावीळ हे रोगाचे नाव नव्हे, ती खूण आहे. चूल बिघडली की धूर दिसतो तशी. यकृताला सूज आली म्हणजे डोळे, लघवी, कातडी पिवळी दिसतात. ती सूज आणणारे विषाणू निरनिराळे आहेत आणि त्यांना इंग्रजी अक्षरांची नावे आहेत: ए, बी, सी, डी, ई. त्यांपैकी ए आणि ई हे घाण पाण्यातून आणि अन्नातून येतात. १९५५ सालच्या डिसेंबरात दिल्लीला कावीळीची मोठी साथ आली होती. पुरानंतर यमुनेने पात्र बदलले, आणि जेथून शहरासाठी पाणी उचलत तेथे नाल्याची घाण शिरली. एकोणतीस हजारांवर माणसे पिवळी पडली. त्या वेळी हा कोणता विषाणू हे कोणास ठाऊक नव्हते. जपून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून पुष्कळ वर्षांनी कळले की तो ई होता. आपल्या इचलकरंजीतली २०१२ सालची साथ तर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. पाणी उकळून उकळून गॅसच्या टाक्या संपल्या होत्या. तीही याच ई ची. गरोदर बाईला हा रोग फार वाईट. पण एकदा का माणूस त्यातून उठला की बहुधा कायमचा सुटतो.

बी आणि सी यांची जात वेगळी. ते पाण्यातून येत नाहीत. ते रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला येतात. आणि येऊन बसतात. वीस वीस वर्षे माणसाला काही जाणवत नाही, तो शेतात राबतो, माग चालवतो, ट्रक हाकतो, आणि आत यकृत सुकत जाते. एच.आय.व्ही. येतो तोही नेमक्या याच वाटांनी. म्हणून ज्याच्या घरी एक पाहुणा आला त्याच्याकडे दुसराही आला असण्याचा संभव पुष्कळ. जगात एच.आय.व्ही. असलेल्या दर शंभर माणसांमागे सात-आठ जणांना बी ची जुनाट लागण आहे, आणि सी ची सहा जणांना. एवढी साधी गोष्ट. पण ती ध्यानात येऊन तिच्यावर उपाय होईपर्यंत किती वर्षे गेली, तेच मला सांगावयाचे आहे.

बी चा शोध लागला तो भलतेच काही शोधताना. अमेरिकेत बरूच ब्लुमबर्ग नावाचे एक डॉक्टर होते. निरनिराळ्या देशांतल्या माणसांच्या रक्तात काय फरक असतो हे ते पाहत असत. ज्यांना वारंवार रक्त चढवावे लागते अशा रुग्णांचे रक्त ते इतरांच्या रक्ताशी ताडून बघत. तेव्हा न्यूयॉर्कच्या एका रुग्णाच्या रक्ताने ऑस्ट्रेलियातल्या एका मूळ रहिवाशाच्या रक्तातले काही तरी ओळखले. म्हणून त्या वस्तूला नाव पडले ऑस्ट्रेलिया अँटिजेन. १९६५ साली त्यांनी ते छापून प्रसिद्ध केले, पण ते काय आहे हे अजून उमगले नव्हते. त्यांच्या प्रयोगशाळेत बार्बरा वर्नर नावाची एक मुलगी काम करी. १९६७ साली तिला बरे वाटेनासे झाले. अंगात शक्ती नाही, भूक नाही. तिने काय करावे? रोज जी तपासणी ती दुसऱ्यांच्या रक्तावर करी, तीच स्वतःच्या रक्तावर केली. आणि ते ऑस्ट्रेलियाचे चिन्ह तिच्या स्वतःच्या रक्तात निघाले. पुढे तिला कावीळ झाली आणि ती बरीही झाली. त्या तपासणीने ओळखली गेलेली ही पहिली कावीळ म्हणतात. नोबेल पारितोषिक १९७६ साली ब्लुमबर्गसाहेबांना मिळाले, ते योग्यच आहे. पण मला वही लिहिताना त्या पोरीचाच विचार अधिक येत होता. एकटी बसून आपलेच रक्त तपासणे आणि तो निकाल आपणच वाचणे, याला छाती लागते. ज्यांनी ए.आर.टी. केंद्राबाहेरच्या बाकावर निकालाची वाट पाहिली आहे त्यांना ते कळेल.

ब्लुमबर्गसाहेबांच्या जन्मदिवशी, म्हणजे २८ जुलैला, आता जगभर कावीळ दिन पाळतात. योगायोग असा, की आपल्या देशात एच.आय.व्ही. पहिल्यांदा शोधून काढणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन २०१५ साली वारल्या तीही तारीख २८ जुलैच होती. या बाई माहेरच्या गायतोंडे. मद्रासेत चामड्याचा व्यापार करणाऱ्या मराठी घराण्यातल्या. १९८६ साली त्या मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवीत होत्या. सेल्लप्पन निर्मला नावाची त्यांची विद्यार्थिनी होती, लग्न झालेली, लहान मुलांची आई. हा रोग आपल्याकडे असणे शक्यच नाही, तो परदेशच्या लोकांचा, असे तेव्हा मोठे मोठे लोक म्हणत. बाईंनी निर्मलाला सांगितले की वेश्यांच्या रक्ताचे नमुने गोळा कर. नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून ती सुधारगृहात जाई, नमुने आणी, आणि ते स्वतःच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवी. आपल्या फ्रिजमध्ये दूध, कोथिंबीर, कणीक, आणि तिच्यात ह्या बाटल्या! मग पती-पत्नी बर्फाच्या पेटीत ते नमुने घालून रात्रीच्या आगगाडीने वेल्लोरला गेले आणि तेथील रुग्णालयात तपासणी झाली. सहा नमुने पिवळे झाले. पिवळा रंग म्हणजे रोग आहे. तेथून आपल्या देशातल्या या रोगाचा इतिहास सुरू होतो.

आता रक्ताच्या वाटेविषयी. पूर्वी रुग्णाला रक्त लागले म्हणजे रक्त विकणारे लोक असत. गरीब माणसे, व्यसनी माणसे, पैशासाठी पुन्हा पुन्हा रक्त देत. ते रक्त कोणकोणत्या बाळंतिणीच्या अंगात गेले असेल याचा हिशेब आता कोण देणार? एच.आय.व्ही.साठी रक्ताची तपासणी आपल्याकडे १९८९ साली सक्तीची झाली. ४ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्त विकणे बंद झाले. सी ची तपासणी सक्तीची व्हावयास २००१ साल उजाडले, कारण मुळात सी चा विषाणूच १९८९ मध्ये ओळखला गेला. त्याआधी डॉक्टर मंडळी त्याला 'ए नाही, बी नाही' असेच म्हणत. त्या शोधाबद्दलचे नोबेल तर अगदी अलीकडे, २०२० साली, तीन शास्त्रज्ञांना मिळाले. म्हणजे बघा, १९८९ आणि २००१ यांच्यामध्ये ज्यांना रक्त चढले, त्यांचे एका रोगापुरते रक्षण झाले, दुसऱ्यापुरते नाही.

आणि सुई. आपल्या लहानपणी गावचे डॉक्टर स्टोव्हवर पातेल्यात सुया उकळीत. एकीच्या मागून दुसरीला तीच. आपल्याला वाटे, मोठे इंजेक्शन दिले म्हणजे मोठे औषध. २००९ साली गुजरातेत साबरकांठा जिल्ह्यात मोडासा गावाच्या बाजूला बी ची साथ आली. शेकडो लोक आजारी पडले, ऐंशीहून अधिक दगावले. पाण्यात दोष नव्हता. वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्या गेल्या होत्या. ज्या माणसांनी साध्या तापासाठी इंजेक्शन घेतले ती गेली. ही बातमी मी त्या वेळी वाचलीही असेन, आणि पानावर शेंगा निवडल्या असतील. आपल्याशी तिचा संबंध आहे असे वाटले नाही.

या दोन दुखण्यांची जोडी सर्वांत उघडी पडली ती मणिपुरात. नकाशात पाहिले तर ते राज्य पार पूर्वेला, ब्रह्मदेशाच्या सीमेला लागून. सीमेपलीकडून तेथे हेरॉइन येई. १९८० नंतर तेथली तरुण मुले ते शिरेत टोचून घेऊ लागली, आणि एक सुई चौघा-पाचांत फिरू लागली. १९९० च्या सुमारास त्यांच्यात एच.आय.व्ही. सापडला आणि बघता बघता पसरला. पुढे २००० साली संशोधकांनी तपासून छापले की सुईने नशा करणाऱ्या आणि एच.आय.व्ही. असलेल्या त्या लोकांपैकी दहांत नऊंहून अधिक जणांना सी चीही लागण आहे. पहिल्या रोगाच्या गोळ्या पुढे सरकारने फुकट दिल्या, त्या घेऊन ही माणसे जगली. संसार केले, नशा सोडली. आणि मग यकृत सुकून मरू लागली. सी वर त्या काळी जे औषध होते ते आठवड्याला एक इंजेक्शन, वर्षभर, खर्च लाखांनी, अंगाची लाही होई, आणि तरीही सगळ्यांना गुण येत नसे. ज्या आईने पोराला एका मरणातून ओढून काढले तिला दुसऱ्या मरणापाशी पुन्हा बसावे लागले. मी मणिपूर पाहिलेले नाही, पण त्या आया माझ्या डोळ्यांपुढे येतात.

आता भावाचे सांगते.

तो ट्रकवर आधी क्लीनर होता, मग ड्रायव्हर झाला. रोग कसा लागला हे मी त्याला एकदाच विचारले आणि मग विचारणे सोडले. विचारून कोणाचे भले झाले आहे? २००६ मध्ये लागण कळली. २००८ मध्ये रक्तातल्या पेशी फार उतरल्या तेव्हा गोळ्या सुरू झाल्या. सरकारने १ एप्रिल २००४ पासून या गोळ्या फुकट द्यावयास सुरुवात केली होती. पहिल्या आठ रुग्णालयांत मुंबईचे जे. जे. होते. त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगावयाची राहिली. ह्या गोळ्या परदेशात वर्षाला दहा-पंधरा हजार डॉलरना पडत. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसूफ हमीदसाहेबांनी त्याच तीन औषधांचे मिश्रण वर्षाला तीनशे पन्नास डॉलरमध्ये देऊ केले. तसे झाले नसते तर फुकट वाटावयास गोळ्या कोठून येत्या? माझ्या भावाचा जीव त्या किमतीत होता.

त्या तीन औषधांत एक होते लॅमिव्ह्युडिन. गंमत अशी, की हे औषध एच.आय.व्ही.साठी १९९५ साली अमेरिकेत मान्य झाले, आणि मग लक्षात आले की ते बी लाही दाबते. म्हणून १९९८ साली बी साठीही मान्य झाले. म्हणजे ज्याला दोन्ही रोग, त्याला एका गोळीत दोन्हींचे औषध नकळत मिळू लागले. पण एकट्या लॅमिव्ह्युडिनचे बी पुढे फार काळ चालत नाही. विषाणू ते औषध ओळखतो आणि चुकवावयास शिकतो. दोन्ही रोग असलेल्यांत चार वर्षांत दहांपैकी नऊ जणांचे असे होते. आपण उंदराला एकाच जातीचे औषध घालीत राहावे तसे. त्यासाठी जोडीला दुसरे औषध लागते, त्याचे नाव टेनोफोविर. ते दोन्ही रोगांवर चालते आणि बी ते सहसा चुकवू शकत नाही.

हे सगळे मला आता कळते. २०११ साली आम्हांला एवढेच ठाऊक होते की तो गोळ्या घेतो आणि बरा आहे. त्याच्या रक्ताची तीन वर्षांत कितीदा तरी तपासणी झाली, पण बी ची तपासणी कोणी केली नव्हती. मी कोणाचे नाव घेत नाही. त्या वेळी गर्दी अशी असे की डॉक्टरांना मान वर करावयास सवड नसे. पण भाऊ अजून म्हणतो, "रगत तर त्येंनी काढलंच हुतं. त्यातलंच चार थेंब हिकडं घातलं असतं तर?"

त्या भाद्रपदात त्याचे डोळे पिवळे झाले. आईने मला बोलावून घेतले. मी गेले, पाहिले, आणि म्हणाले की ही कावीळ आहे, हिला दवाखान्याचे औषध लागू पडत नाही, माळ घालावी लागते. आपल्याकडे हे कोण म्हणत नाही? चार कोसांवरच्या गावात एक म्हातारे बाबा माळ देत. मी स्वतः एस.टी.ने गेले, सव्वा रुपया आणि नारळ ठेवला, आणि माळ घेऊन आले. ती वनस्पतीच्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात सैल गाठींनी अडकवून केलेली असते. डोक्यावर ठेवतात. काड्या सुकतात, गाठी सरकतात, माळ लांबत जाते, आणि ती गळ्यातून पोटापर्यंत उतरली म्हणजे कावीळ उतरली असे म्हणतात. पाण्याने झालेली कावीळ तशीही महिन्याभरात उतरते, त्याचे श्रेय माळेला मिळते, हे माझ्या मुलीने मला पुढे समजावून दिले. बाबांनी पथ्य सांगितले: तेल नको, तिखट नको, आणि दुसरे कोणतेही औषध नको.

दुसरे कोणतेही औषध नको, म्हणून मी त्याच्या ए.आर.टी.च्या गोळ्या बंद केल्या. डबा उचलून कपाटात ठेवला तो माझ्या हाताने. बावीस दिवस.

माळ बेंबीपर्यंत आली. भावाचे पोट फुगून घागरीसारखे झाले, आणि एके दिवशी सकाळी तो आईलाच "तू कोण?" असे विचारू लागला. तेव्हा ह्यांनी कोणाचे न ऐकता टेम्पो केला आणि त्याला जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. तेथल्या तरुण डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी बी ची तपासणी केली आणि ती निघाली. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितले, की गोळ्या चालू असताना बी ने डोके वर काढले होतेच, पण गोळ्या एकाएकी तोडल्या तेव्हा जे थोडे दडपण होते तेही गेले आणि तो उसळला. ज्यांना दोन्ही रोग आहेत त्यांनी गोळ्या अशा कधी तोडावयाच्या नसतात. मी माळेचे सांगितले नाही. त्यांनी ती त्याच्या गळ्यात पाहिलीच होती. त्या काही बोलल्या नाहीत, हे मला अधिक लागले.

टेनोफोविर त्या वेळी सरसकट मिळत नसे. कागद मोठ्या केंद्राकडे जावयाचे, तेथले तज्ज्ञ पाहणार, मग मंजुरी. कार्तिकात गोळी आली. तो मोठ्या जिद्दीचा, म्हणून तोवर तगला. पुढे काही वर्षांतच ही गोळी सगळ्यांच्याच पहिल्या औषधात आली, आणि आज बहुतेकांना जी एकच गोळी रोज मिळते तीत टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन दोन्ही आहेत. भावजयीला पहिल्या रोगाची लागण आहे, पण दुसऱ्याची नव्हती. तिची तपासणी होताच तिला बी ची लस टोचली.

लसीविषयी थोडे लिहिते, कारण ते आपणा बायकांचे काम आहे. बी ची लस अमेरिकेत १९८१ साली निघाली, ती रोग्यांच्याच रक्तातून काढलेली. १९८६ साली पाव फुगवावयाच्या यीस्टकडून ती करून घेण्याची युक्ती सापडली. ती लस आपल्याकडे येई पण गरिबाला परवडत नसे. १९९७ साली हैदराबादच्या वरप्रसाद रेड्डी यांनी ती देशात तयार केली. त्यांच्या कंपनीला त्यांनी आईचे नाव दिले होते, शांता. २००२ पासून सरकारने काही ठिकाणी बाळांना ती द्यावयास सुरुवात केली आणि २०११ पर्यंत ती सगळ्या देशात गेली. म्हणजे ज्या वर्षी मी माळ आणावयास एस.टी.त बसले होते त्याच वर्षी. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बाळाला हिचा पहिला डोस पडला पाहिजे. बाळाला आईकडून बी लागला तर दहांपैकी नऊ बाळांत तो जन्माचा राहतो. धडधाकट मोठ्या माणसाला लागला तर शंभरांत पाच जणांतच राहतो. आणि आईला रोग असलाच तर बाळाला लसीच्या जोडीला आणखी एक इंजेक्शन देतात. आपल्याकडे पहिल्या दिवशी बाळाला टोचू नये म्हणणाऱ्या सासवा आहेत. मीही उद्या सासू होईन, तेव्हा मला हे कोणी तरी वाचून दाखवा.

सी ला लस नाही, मात्र औषध आले. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुव्हिर नावाची गोळी निघाली. एका गोळीची किंमत हजार डॉलर! बारा आठवड्यांचे चौऱ्याऐंशी हजार. पुढे आपल्या देशातल्या कंपन्यांना ती करण्याची परवानगी मिळाली आणि किंमत उतरत गेली. पंजाब सरकारने २०१६ मध्ये ती फुकट द्यावयास सुरुवात केली, आणि २८ जुलै २०१८ रोजी सबंध देशासाठी कावीळ नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. बी आणि सी यांची तपासणी व औषध आता सरकारी दवाखान्यात त्यात मिळते. सी तर तीन महिन्यांच्या गोळ्यांनी शंभरांत पंचाण्णव जणांचा जातो, मग एच.आय.व्ही. असो वा नसो. मणिपुरातली ज्यांची पोरे तोवर टिकली त्यांना ते मिळाले. ज्यांची त्याआधी गेली त्यांचे काय, याला उत्तर नाही.

एक कायद्याचेही लिहून ठेवते. २०१७ साली एच.आय.व्ही.विषयी कायदा झाला आणि सप्टेंबर २०१८ पासून तो लागू आहे. कोणाचा रोग त्याच्या संमतीवाचून कोणाला सांगता येत नाही, आणि त्यावरून नोकरी, शाळा, घर नाकारता येत नाही. एका ताटात जेवल्याने, पाणी दिल्याने, हळदीकुंकू लावल्याने या तिन्ही रोगांपैकी एकही लागत नाही. वस्तरा, ब्लेड, दात घासावयाचा ब्रश मात्र ज्याचा त्याचा वेगळा असावा. आमच्या भावाची दाढी तो स्वतः करतो.

भगिनींनो, माझ्या भावाने तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरचा चहा घेतला आहे. मंडळाच्या सहलीला २०१७ साली जी गाडी होती ती त्यानेच चालवली होती. त्याच्या हातून तुम्ही पोहोचल्या तशाच परत आल्या. मी तेव्हा सांगितले असते तर तुम्ही बसला असता की नाही, हे मला माहीत नाही, आणि तुम्हांलाही कदाचित नसेल.

या भाऊबीजेला तो आला तेव्हा त्याचा नवा रिपोर्ट आणला होता. यकृत ठीक आहे. दर सहा महिन्यांनी दाखवावयाचे ते चालू आहे. रात्री नऊला त्याच्या मोबाईलची घंटा वाजली, त्याने शर्टाच्या खिशातून डबी काढली आणि गोळी घेतली. मग मी हे सगळे त्याला वाचून दाखवले. मुकाट्याने ऐकले. शेवटी म्हणाला, "समदं बराबर हाय. पर माळेला तू ईस दिस लिवलंस, बाईस हुतं. म्या मोजलं हुतं." वरती मी खाडाखोड करून बावीस केले आहे.